जिताडा, जोनबाई आणि माझी डावी मिशी

इंग्लंडचा राष्ट्रीय पदार्थ महाडात करू नये, असा लेखी नियम कुठेही नाही. असता तर मी तो वाचला असता. आणि कदाचित मीही वाचलो असतो!

मी चौतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. ब्रिटन हे बेट, बेटाभोवती समुद्र, समुद्रात मासे, इथपर्यंत सगळं मला तोंडपाठ. त्या माशांचं पुढे काय करतात, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. ते कळलं आमच्या प्राजूमुळे. आमची मुलगी प्राजक्ता तिकडे यॉर्कशायर नावाच्या भागात नर्स आहे. ती तिथे पोचली त्या दिवशी पाऊस, थंडी, खोलीतला हीटर बंद, आणि पोरगी पलंगावर बसून रडतेय. तेव्हा तिच्या वॉर्डची मुख्य सिस्टर, जोन नावाची, तिला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेली. कागदात गुंडाळलेला गरम मासा आणि बटाट्याचे तळलेले तुकडे तिच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "आधी खा, मग रड. उपाशीपोटी रडायला जोर येत नाही."

प्राजूने हे फोनवर सांगितलं तेव्हा इकडे सुनंदा, म्हणजे माझी बायको, पदराने डोळे पुसत म्हणाली, "ती बाई कधी आपल्याकडे आली ना, तर मी तिला सोन्याच्या ताटात वाढीन!" (आमच्याकडे सगळी ताटं स्टीलची आहेत. पण भावना महत्त्वाची.)

दोन वर्षांनी बाई खरंच यायला निघाली. निवृत्त झाली होती, प्राजूची रजा होती, दोघी मिळून डिसेंबरात येणार होत्या. आणि त्या आनंदाच्या भरात मी घोषणा केली, "त्यांनी आपल्या पोरीला परक्या मुलखात फिश अँड चिप्स खायला घातलं. आता आपण त्यांना महाडात फिश अँड चिप्स खायला घालायचं. मी करणार!"

"तुम्ही?" सुनंदा म्हणाली. "अहो, तुमच्या चहात साखर किती लागते ते तुम्ही मला विचारता!"

"मोबाइलवर सगळं दाखवतात. मी अकरा व्हिडिओ बघितलेत."

"मी चाळीस वर्षं मासे तळतेय."

"ते आपले मासे. हे शास्त्र आहे!"

शास्त्र म्हटल्यावर सुनंदा गप्प बसली. ती गप्प बसली की पुढे काय होतं हे लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसाला समजायला हवं होतं.

मासा कुठला, यात अडचण नव्हती. सुनंदाचं माहेर सावित्रीच्या काठावरचं, तुडीलचं. तिच्या भावाने चांगला चार किलोचा जिताडा पाठवून दिला. पांढरं, जाड मांस, काटे कमी. इंग्रजी मासा शोभला असता! भांडण सुरू झालं ते त्याचं करायचं काय यावरून. सुनंदाचं म्हणणं, जिताड्याला हळद, मीठ, कोकमाचं आगळ, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, वरून तांदळाचं पीठ, आणि तवा. बास. माझं म्हणणं, मैद्याचं पातळ पीठ, त्यात मासा बुडवायचा आणि भरपूर तेलात सोडायचा.

"म्हणजे माशाची भजी," सुनंदा म्हणाली.

"भजी नव्हे! कवच. कुरकुरीत कवच. आत मासा वाफेवर शिजतो."

"मसाला?"

"मीठ."

"आणि?"

"मीठच."

सुनंदाने त्या जिताड्याकडे असं पाहिलं, की जणू घरातलं कुणी तुरुंगात चाललंय.

आता खरी मेख. त्या कवचाच्या पिठात, सर्व अकराच्या अकरा व्हिडिओंचं एकमत होतं, बिअर घालतात! फसफसते म्हणून. आणि मी कोण? दर वर्षी तालुक्यातल्या शाळाशाळांतून व्यसनमुक्तीवर भाषण देणारा निवृत्त शिक्षक. महाडात मी त्या दुकानाच्या फळीसमोर उभा राहिलो असतो, तर माझ्याआधी बातमी घरी पोचली असती. म्हणून मी डोकं चालवलं. पाहुण्या येणार त्या रविवारी सकाळी एसटी पकडली आणि थेट पोलादपूरला गेलो. तिथे कोण ओळखतंय!

दुकानदाराने मला बघितलं, आणि उठून उभा राहिला.

"सर! तुम्ही?"

दहावी ब, मागचा बाक, नकाशात सह्याद्री उलटा काढणारा. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाने 'कोण ओळखतंय' म्हणू नये.

"अरे, दोन बिअर दे. माशासाठी हवी आहे," मी घाईघाईने म्हणालो.

"हो सर. सगळे माशासाठीच नेतात."

"नाही रे, पिठात घालायला!"

"हो सर," तो अतिशय आदराने म्हणाला, आणि दोन डबे वर्तमानपत्रात गुंडाळून देताना हळूच पुढे वाकला. "सर, घरी काही टेन्शन आहे का?"

तिथून पळ काढून स्टँडवर येतो, तर समोर भावजी! भावजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. शेळ्या पाळतात, नाचणी पिकवतात, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यांना आपल्याहून जास्त माहीत असते. अक्का शेळ्यांपाशी थांबली होती आणि भावजी गोऱ्या बाईला बघायला महाडलाच निघाले होते. हातात झाकणाची एक मोठी बरणी.

"गुर्जी, कागदात काय हाय?"

"औषध."

"थंड हाय," भावजी बोटाने चाचपत म्हणाले. "थंड औषध कवा बघितला नाय मी."

"आणि तुमच्या बरणीत काय?"

भावजींनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "बोकडाची चरबी. कढवलेली. प्राजू फोनवर अक्काला बोलली व्हती, त्या बाईच्या गावाला मासा तेलात नाय, चरबीत तळत्यात. मंग म्हटलं, नेतो. आपला मासा तुमच्याकडचा, चरबी आमच्या डोंगरची!"

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि महाडपर्यंत भावजींनी मला मासा म्हणजे काय ते समजावलं. "ताजा मासा हा खरा मासा नाय, गुर्जी. तो अजून व्हायचाय. सुकला म्हंजे मासा झाला! सुकट घ्यावी, तव्यावं भाजावी, कांदा, तिखट, वर भाकर. डोंगरात आमाला तुमचा जिताडा कोण आणून देतोय? पन सुकट बघा, पावसाळ्यात चार म्हयने साथ देते. जिताडा चार तासांत नाक धरायला लावतो." बोलता बोलता त्यांनी माझ्या मांडीवरचा कागद सोडला. "ह्या डब्याला ही कडी कसली वो?"

"भावजी, नको!"

फस्स!!

बस खड्ड्याखड्ड्यांतून उड्या मारत आली होती. डब्यातलं सगळं माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, मांडीवर, चष्म्यावर आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या अंबाड्यावर. बसमध्ये शांतता पसरली. वास पसरला तो त्याच्याही आधी. कंडक्टर हळूहळू माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, तुमचं भाषण ऐकून माझ्या काकांनी सोडली होती हो."

ठरलं होतं असं, की मी वीर स्टेशनला जाऊन दोघींना घेऊन यायचं. पण बसला उशीर झाला. मी घराच्या फाटकाशी पोचलो आणि त्याच क्षणी वीरहून आलेली रिक्षा दारात थांबली. रिक्षातून प्राजू उतरली. मागोमाग एक उंच, पांढऱ्या आखूड केसांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई उतरली, दोन्ही हात जोडून, प्राजूने शिकवलेलं वाक्य म्हणत: "जय भीम! मी जोन!"

आणि समोर मी. ओला सदरा, चष्म्यावर फेस, हातात उरलेला डबा, शेजारी बरणी घेतलेले भावजी.

"बाबा!" प्राजू किंचाळली.

"माशासाठी आहे," मी म्हणालो. त्या दिवसात मी हे वाक्य इतक्या वेळा बोललो, की मलाच ते खोटं वाटायला लागलं.

आंघोळ करून, सदरा बदलून मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सुनंदाने मोठी कढई दिली आणि दारात हाताची घडी घालून उभी राहिली. भावजींनी बरणी पुढे केली. सुनंदा म्हणाली, "भावजी, माझ्या तेलात चरबी पडली तर कढईसकट तुम्ही अंगणात!" भावजी बरणी घेऊन मागे सरले. जोनबाई खुर्ची ओढून कौतुकाने बघत बसली. (प्राजूने तिला सांगितलं होतं, की बाबा आजवर कधी स्वयंपाकघरात आले नाहीत, तुमच्यासाठी येतायत. तिला ते फार हृद्य वाटलं. तिला त्यातला धोका समजला नाही.)

मी मैदा घेतला, बिअर ओतली. पीठ फसफसलं. पण एक डबा बसमध्ये गेला होता, म्हणजे फसफस निम्मी. मग मी खायचा सोडा घातला. एक चमचा. जरा बघितलं. आणखी एक चमचा. मग शास्त्र म्हटल्यावर अंदाज कशाला, म्हणून तिसरा.

आधी बटाटे तळले. ते दोनदा तळायचे असतात, आधी मंद, मग मोठ्या आचेवर, हे मला माहीत होतं. वेळ वाचवण्यासाठी मी दुसऱ्या वेळेपासून सुरुवात केली. बटाटे बाहेरून कोळसा झाले. भावजींनी एक तोडून बघितला. "आत कच्चाच हाय की वो, गुर्जी! बाहेरून मात्र सोडला नाय तुमी!"

"पुढचा घाणा नीट येईल," म्हणून मी जिताड्याचे तुकडे आणायला मोरीकडे वळलो. सुनंदा प्राजूला ताटं काढून द्यायला गेली. आणि एवढ्या दोन मिनिटांत, तेल कमी दिसतंय या सद्हेतूने, भावजींनी ती अख्खी बरणी कढईत उलटी केली.

मला काय माहीत! मी आलो, धुतलेले, ओलेच तुकडे (पुसायचे असतात, व्हिडिओ क्रमांक सात) पिठात बुडवले आणि एकदम सहा सोडले.

पहिल्यांदा कढई गुरगुरली. मग फेस वर यायला लागला. सावित्रीला पूर येतो तेव्हा पाणी कसं आधी एक पायरी, मग दोन पायऱ्या, मग एकदम घाट गिळतं, तसा! मी "व्वा, फुगतंय!" म्हणत बघायला खाली वाकलो. फेस काठावरून उतरला, बर्नरवर गेला, आणि भक्कन जाळ झाला.

"आगऽऽ! पाणी आणा, पाणी!" मी ओरडलो. भावजी चपळ माणूस. त्यांनी बादली उचललीसुद्धा! पेटत्या तेलावर ते पाणी पडलं असतं तर माझी ही आठवण कुणीतरी दुसऱ्यानेच, जरा गंभीर सुरात लिहिली असती.

पण जोनबाई कधी उठली, कळलं नाही. एका हाताने तिने भावजींचं मनगट धरलं, "नो!" म्हणाली, दुसऱ्या हाताने गॅसचं बटण फिरवलं, ओट्यावरची पितळी परात उचलली आणि अलगद कढईवर ठेवली. जाळ गुदमरून विझला. मोजून दहा सेकंद. मग ती माझ्याकडे वळली, हनुवटीला धरून माझा चेहरा उजेडाकडे फिरवला, दोन्ही डोळे बघितले, गाल दाबून बघितला, आणि प्राजूला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"भाजलं नाहीये, बाबा," प्राजू म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा बदलला. "फक्त… डावी मिशी नाहीये."

मी हात लावला. उजवीकडे मिशी होती. डावीकडे इतिहास!

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, तोंडावर पदर धरला, आणि हसत सुटली. घाबरून झाल्यावर माणूस जसं हसतं ना, डोळ्यांतून पाणी काढत, तसं. मग प्राजू, मग जोनबाई. भावजी तेवढे गंभीर होते. ते म्हणाले, "वैनी, मी कढईत चरबी टाकली. आता कढईसकट अंगनात जाऊ का नुसताच जाऊ?"

बऱ्याच वेळाने परात उचलली. आतलं दृश्य करुण होतं. कवच माशाला सोडून गेलं होतं. जिताड्याचे तुकडे उघडेबोडके तळाशी, आणि वर पिठाच्या कुरकुरीत कण्यांचा थर. मी शरमेने झारा बाजूला ठेवला. एवढ्यात जोनबाईने वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. आणि "स्क्रॅप्स!" म्हणत त्या कण्या बशीत काढून, मीठ भुरभुरवून खाऊ लागली!

प्राजूने सांगितलं, की त्यांच्या भागात तळताना निसटलेला हा चुरा दुकानदार पुडीवर फुकट घालून देतो, आणि लहानपणी पैसे नसले की पोरं नुसता चुरा मागून खायची. इंग्लंडच्या दक्षिणेकडे म्हणे ही पद्धतच ठाऊक नाही. आणि चरबीचा वास! बाईंचे डोळे भरून आले होते. "आमच्याकडे चरबीतच तळतात," ती म्हणाली. "तेलातला मासा म्हणजे आजाऱ्याचं जेवण."

हे मराठीत ऐकल्याबरोबर भावजींनी कुणाकडेही न बघता मान ताठ केली. जोनबाई जाईपर्यंत ती तशीच होती.

आता जेवायचं काय, असा प्रश्न मला पडला. सुनंदाला पडला नव्हता. तिने फडताळातून झाकलेलं पातेलं काढलं. निम्मा जिताडा! हळद, मीठ, आगळ, वाटण लावून सकाळपासून मुरत ठेवलेला.

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता?" मी विचारलं.

"होता की," ती तवा तापवत म्हणाली. "म्हणून तर निम्माच ठेवला. नायतर अख्खा ठेवला असता."

तांदळाच्या पिठात घोळवलेले तुकडे तव्यावर चुरचुरले. भावजींनी पिशवीतून आणलेली सुकट भाजली, कांदा चिरला. प्राजूने उरलेले बटाटे जाडजाड कापून दोनदा तळले. माझ्याकडे ताटं पुसायचं काम आलं. जोनबाईने माशावर घालायला व्हिनेगर मागितलं. ते आमच्याकडे कुठलं? सुनंदाने आगळाची बाटली पुढे केली. बाईने चार थेंब बटाट्यावर टाकले, चाखलं, डोळे मिटले, आणि मग बाटली स्वतःच्या ताटाशेजारीच ठेवून घेतली.

जेवताना सुनंदाने विचारलं, "तुमच्या यजमानांना आवडायचा का हो मासा?"

प्राजूने विचारलं. जोनबाई हसली. तिचे यजमान दक्षिणेकडचे. त्यांना चरबीचा वास चालत नसे. त्यांना कॉड मासा हवा, कातडीसकट. हिला हॅडॉक, कातडी काढलेला. एकतीस वर्षं दर शुक्रवारी दोन दुकानांतून दोन पुड्या यायच्या आणि एका टेबलावर उघडायच्या.

"मग भांडण?"

"दर शुक्रवारी!"

"आणि आता?"

"आता एकच पुडी आणते. कधी कधी त्याच्या दुकानातून."

प्राजूने हे मराठीत सांगितलं. सुनंदाने तव्यावरचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून बाईच्या ताटात घातला, आणि दुसरा, न विचारता, माझ्या. माशाला आगळ लागतं की व्हिनेगर, तांदळाचं पीठ की मैदा, तेल की चरबी, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. पण त्या दुपारी भावजींची सुकट मी दोनदा मागून घेतली, आणि भावजींनी जिताड्याचे चार तुकडे खाल्ले. चौथा खाताना एवढंच म्हणाले, "हा थोडा सुकवला असता तर…"

जोनबाई आठ दिवस राहिली. रायगडला जाऊन आली, तुडीलला होडीत बसली, वाडीवर जाऊन शेळीचं दूध काढायला शिकली. मी उजवी मिशीही काढून टाकली आणि ओळखीचे लोक रस्त्यात मला ओळख न देता जाऊ लागले. पोलादपूरच्या बातमीनंतर ते एका अर्थी बरंच झालं.

निघताना वीरच्या फलाटावर तिने सुनंदाला घट्ट मिठी मारली. मग माझे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी मनापासून, सावकाश, लांबलचक काहीतरी बोलली. माझं इंग्रजी लिहिण्याचं. ते यॉर्कशायरचं बोलणं काही मला झेपलं नाही. मी भारावून प्राजूकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही, बाबा. छान म्हणाल्या."

"नीट सांग! शब्दशः सांग!"

प्राजूने आईकडे पाहिलं, आईने गाडीकडे.

"त्या म्हणाल्या, आयुष्यात इतका सुंदर मासा त्यांनी कुठेच खाल्ला नाही. आणि तुमच्या घरी तो रोज तसाच व्हावा असं वाटत असेल, तर त्यासाठी तुम्ही एकच गोष्ट करायची."

"कुठली?" मी उत्सुकतेने विचारलं.

"बाहेर बसायचं."

तेव्हापासून आमच्या घरी मासे फार उत्तम होतात. श्रेय सगळे सुनंदाला देतात. पण ओटीवर पेपर घेऊन दोन-दोन तास न हलता बसणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!